श्वान आपले, प्रश्न जगाचे



अलीकडे आपल्या व्यापारी कुटुंबांतही लहान चणीचे कुत्रे दिसू लागले आहे. कुणाकडे पॉमेरेनियन, कुणाकडे पग, कुणाकडे रस्त्यावरून उचलून आणलेले देशी पिलू. त्याला घेऊन खाली फिरावयास निघाले की लिफ्टपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत प्रश्नांची रांग लागते. ‘केवढ्याला घेतला?’, ‘चावतो का?’, ‘एवढाच राहणार का?’, ‘जैनांच्या घरी कुत्रा कसा?’, ‘याला खायला काय घालता?’ विचारणारा बहुधा अनोळखी असतो. अशा वेळी कुणी चिडून तुटक बोलतो, तर कुणी वेळ मारून नेण्यासाठी काहीतरी ठोकून देतो. प्रसंग क्षुल्लक वाटला, तरी बोलण्याच्या संयमाची परीक्षा अशाच क्षुल्लक प्रसंगी होत असते.

आपल्या आचारधर्मात बोलण्यासंबंधी दोन शब्द आहेत. बोलावयाचे तर हित, मित आणि प्रिय बोलावे, ही भाषासमिती. बोलणे अनुचित असेल तेथे वाणी आवरून धरावी, ही वचनगुप्ती. ही व्रते साधूंची खरी, परंतु त्यांचा अंश श्रावकालाही उपयोगी पडतो. कोणत्या प्रश्नाला समिती आणि कोणत्या प्रश्नाला गुप्ती, एवढे ओळखता आले तर निम्मे काम झाले.

‘चावतो का?’ हा प्रश्न चौकसपणाचा दिसला, तरी त्यामागे भीती असते. विचारणाऱ्याचा हात लहान मुलाच्या खांद्यावर असतो. येथे पूर्ण उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे. ‘छे, तो काहीच करत नाही’ हे आपण सहज बोलून जातो. परंतु मुक्या जीवाच्या वतीने असा जामीन कोणालाही देता येत नाही. लहान कुत्रे पुष्कळदा रागाने नव्हे, भीतीने चावते. वरून झेपावणारा हात त्याला डोंगराएवढा वाटतो. म्हणून खरे तेच सांगावे : ‘आजवर चावलेला नाही, पण अनोळखी हाताला बिचकतो. रेबीजची लस वेळेवर दिलेली आहे. हात आधी त्याला हुंगू द्या, उचलू मात्र नका.’ एवढ्या तीन-चार वाक्यांत सत्य राहते, समोरच्याचे मूल सुरक्षित राहते आणि आपला प्राणीही.

खाण्याविषयीचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तो आपल्या व्रतालाच स्पर्श करतो. कुत्रा हा मांजराप्रमाणे केवळ मांसावर अवलंबून असलेला प्राणी नाही. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहून धान्यातील पिष्ट पचविण्याची शक्ती त्याने मिळविली आहे. म्हणून विचारपूर्वक आखलेल्या शाकाहारावर तो राहू शकतो. मात्र तो आहार पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरवावा, ताटातले उरलेले घालून नव्हे. आपण वर्ज्य मानलेले कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक असतात. चॉकलेट, द्राक्षे आणि मनुकाही त्याला अपायकारक आहेत. तेव्हा वाटेत कुणी प्रेमाने चिवडा किंवा बिस्कीट पुढे केले, तर संकोच न करता ‘याला बाहेरचे चालत नाही’ असे सांगावे. ते उद्धटपण नव्हे.

परंतु ‘आमचा कुत्रा शुद्ध जैन आहे’ अशी फुशारकी मारण्यापूर्वी तयार खाद्याच्या पिशवीवरील घटकांची यादी वाचलेली असावी. आजारपणात वैद्याने दिलेल्या खाद्यात प्राणिज अंश असेल, तर तो लपवून वर अभिमान मिरविणे हा दुहेरी दोष होय. ‘वैद्यांच्या सल्ल्याने देतो’ हे उत्तर अनोळखी माणसाला पुरेसे आहे. त्या सल्ल्याचे काय करावे, हा विचार घरात बसून करावयाचा आहे.

‘रात्री त्यालाही चौविहार का?’ असे कुणी थट्टेने विचारतो. त्याचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकता येते, ते उत्तमच. परंतु त्याचे पाणी रात्री उचलून ठेवू नये. लहान जातीची पिले फार वेळ उपाशी राहिली तर त्यांच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरते. प्रत्याख्यान हे स्वतःच्या इच्छेने घ्यावयाचे असते. दुसऱ्यावर लादलेले प्रत्याख्यान हा अन्नपाननिरोध होतो.

आता किमतीचा प्रश्न. आपण व्यापारी माणसे. भाव विचारणे आपल्या रक्तातच आहे. तरीही दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला भाव सांगणे वेगळे आणि वाटसरूने मागितली म्हणून खतावणी उघडून दाखविणे वेगळे. आकडा कमी करून सांगणे हे असत्य. वाढवून सांगणे हे असत्य आणि वर परिग्रहाचे प्रदर्शन. ‘आता तो घरातला झाला, किंमत विसरलो’ असे हसून म्हणण्यातही खोटेपणा आहे, कारण व्यापारी किंमत विसरत नाही. ‘घरातल्याची किंमत सांगत नाही’ हे सरळ वाक्य पुरे.

याच प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा येतो : ‘मादी आहे ना? मग पिले विका, चांगले पैसे मिळतील.’ येथे मात्र विनोदाने वेळ मारून नेऊ नये. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ येते. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचे विवरण करताना पैशासाठी कुत्रे, मांजर, पोपट इत्यादी पाळण्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. म्हणजे दोष मुख्यतः त्या जीवाला मिळकतीचे साधन करण्यात आहे. ‘हा आमचा व्यवसाय नाही’ हे उत्तर शांतपणे, पण ठामपणे द्यावे.

‘जैनांच्या घरी कुत्रा कसा?’ हे विचारणारा अनोळखी असेल, तर त्याला आपल्याच पूर्वजांची एक हकीकत सांगता येईल. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि बाजार बंद राहिले. त्यानंतर १८३४ मध्ये भुलेश्वर भागात मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तिच्यामागे सर जमशेटजी जीजीभाई होते, तसेच आपले शेठ मोतीशाही होते. ज्या व्यापाऱ्यांनी मुक्या जीवांसाठी तिजोरी उघडली, त्यांच्या वंशजांच्या दारी एक कुत्रे दिसले तर नवल कसले? आपल्या कथासाहित्यात तर जीवंधरकुमार मरणोन्मुख कुत्र्याच्या कानी णमोकार मंत्र सांगतो आणि तो जीव यक्ष होऊन त्याचे उपकार स्मरतो.

काही प्रश्न मात्र प्रश्न नसतात, ते टोचणे असते. अपत्यहीन दांपत्याला ‘मूल नाही म्हणून हे का?’ असे विचारले जाते. एकट्या राहणाऱ्या आजींना ‘माणसांपेक्षा कुत्रा बरा वाटतो वाटते!’ असा टोमणा बसतो. येथे उत्तर देणे बंधनकारक नाही. नमस्कार करावा, दोरी हाती घ्यावी आणि पुढे चालू लागावे. ही माघार नव्हे, वचनगुप्ती आहे. बरोबर नात असेल, तर प्रत्येक आगंतुकाला आपल्या घरचा हिशेब देणे लागत नाही, हेही ती त्यातून शिकेल.

शेवटी एक गोष्ट. लोकांच्या प्रश्नांना काय उत्तर द्यावे याचा आपण विचार करतो. परंतु शास्त्राने विचारलेले पाच प्रश्न बाकी राहतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपण दुकानावर गेल्यावर तो दिवसभर गॅलरीत बांधलेला असतो का? चूक झाली की त्याला मार बसतो का? शोभेसाठी त्याचे कान वा शेपूट कापविले आहे का? त्याच्या इवल्या देहाला न झेपणारे काही आपण त्याच्याकडून करवून घेतो का? गावी जाताना त्याच्या अन्नपाण्याची सोय करून जातो का? हे प्रश्न लिफ्टमध्ये कुणी विचारत नाही. ज्याच्याजवळ यांची उत्तरे आहेत, त्याला वाटेवरचा चौकसपणा फारसा बोचत नाही. ज्याच्याजवळ नाहीत, त्याने लोकांवर रागावण्यापूर्वी घरातली साखळी थोडी लांब करावी.