कमिट नव्हे, खोळंबा मोजा

‘जे मोजता येत नाही, ते सुधारता येत नाही’ असं म्हणत मॅनेजर मंडळी डॅशबोर्ड उघडतात. कुणाचे कमिट किती, कुणाची तिकिटं किती बंद झाली. मोजण्याला माझी हरकत नाही. डेव्हलपरला मोजून, तो ज्यावर काम करतो त्या प्लॅटफॉर्मला मोकळं सोडण्याला आहे.

१९८२ साली ॲपलमध्ये लिसा संगणकाचं काम चालू असताना आठवड्याला किती ओळी लिहिल्या, याचा फॉर्म भरावा लागे. बिल ॲटकिन्सन यांनी त्याच्या क्विकड्रॉ या ग्राफिक्स लायब्ररीचा एक भाग नव्याने लिहिला. तो जवळपास सहापट वेगवान झाला आणि सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या. त्यांनी फॉर्मवर आकडा टाकला : उणे २०००. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं!

‘मग डेव्हलपरलाच विचारा,’ म्हणणाऱ्यांनाही खोडणारा पुरावा आहे. मीटर या अमेरिकी संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांसोबत प्रयोग केला. एआयमुळे आपण २० टक्के जास्त वेगाने काम केलं, असं त्यांना वाटलं. घड्याळ सांगत होतं, १९ टक्के वेळ जास्त लागला. यावरून ‘डेव्हलपरचा अनुभव मोजणं थोतांड’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांची मात्र गफलत होते. किती वेळ लागला, हे घड्याळाला विचारायचं. कुठे अडलं, हे माणसालाच विचारावं लागतं.

माझ्या एका जुन्या कंपनीत बिल्डला चाळीस मिनिटं लागत. आम्ही टपरीवर चहा पिऊन यायचो, तोवर कुठलीतरी टेस्ट फुटलेली असायची आणि आपण नेमकं काय करत होतो, हे डोक्यातून गेलेलं असायचं. साध्या लॉगच्या ॲक्सेसला तिघांची मंजुरी. डॅशबोर्ड मात्र हिरवागार. वर्षाकाठी सर्व्हे यायचा : ‘प्लॅटफॉर्मबद्दल किती समाधानी आहात?’ नाव गुप्त राहील यावर कुणाचा विश्वास? सगळे पाचपैकी चार देऊन मोकळे.

२०२३ मध्ये नोडा, स्टोरी, फोर्सग्रेन आणि ग्राइलर या अभ्यासकांनी डेव्हलपरच्या अनुभवाच्या तीन बाजू मांडल्या : उत्तर किती लवकर मिळतं, डोक्यावर किती भार पडतो, तंद्री किती टिकते. तिन्हींसाठी बिल्डचे लॉग आणि नेमके प्रश्न शेजारी ठेवून वाचावे लागतात. त्यातून पगारवाढ ठरणार नाही, एवढी हमी मात्र आधी द्यायला हवी. नाहीतर पुन्हा चारच गुण मिळतील.

पुढच्या अप्रेझलला कुणी तुमच्या कमिटचा आकडा पुढे सरकवला, तर विचारा : साहेब, आपल्या बिल्डला किती मिनिटं लागतात?