पोलंड १९८९ : होयबा संसदेने घडवलेले सत्तांतर

१/ साम्यवादाचा अस्त म्हटला की बर्लिनची भिंत आठवते. परंतु ती कोसळण्याच्या अडीच महिने आधीच पोलंडमध्ये सत्तांतर झाले होते, आणि तेही संसदेत.

२/ गोलमेज वाटाघाटींनुसार ‘सेम’ या कनिष्ठ सभागृहाच्या ४६० पैकी २९९ जागा कम्युनिस्ट व त्यांच्या मित्रपक्षांसाठी राखीव होत्या. जूनमधील निवडणुकीत ‘सॉलिडॅरिटी’ने उरलेल्या सर्व १६१ जागा जिंकल्या, सिनेटमध्ये १०० पैकी ९९. तरीही सेममधील बहुमत सत्ताधारी आघाडीकडेच राहिले.

३/ मात्र एकट्या कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य १७३च होते. चार दशके मुकाट हात वर करणाऱ्या दोन मित्रपक्षांकडे १०३ जागा होत्या. त्यांनी बाजू बदलली आणि २४ ऑगस्टला तादेउश माझोव्येत्स्की पंतप्रधान झाले. डिसेंबरमध्ये याच सेमने राज्यघटनेतून पक्षाचे ‘नेतृत्वस्थान’ वगळले.

४/ संपकरी कामगारांवाचून हे घडलेच नसते. परंतु रक्तपात न होता सत्ता हस्तांतरित झाली, कारण त्यासाठी सभागृह, नियम आणि मतमोजणी उपलब्ध होती. म्हणूनच अर्धवट लोकशाहीतील संसदेला निव्वळ देखावा म्हणून निकालात काढणे ही इतिहासाच्या वाचनातील चूक ठरते.