सुई थोडी सैल असू द्या

फुल थ्रॉटलला मॉडेल विमानाचं इंजिन बंद पडलं, की आपले एनसीसी एअर विंगचे कॅडेट म्हणतात, "इंजिनच खराब!" मला हे पटत नाही. जमिनीवर सर्वांत तिखट आवाज येईस्तोवर आपण नीडल घट्ट करतो. नाक वर झालं, की टाकीतलं इंधन कमी पोचतं आणि इंजिन गप्प. शिवाय वंगणाचं तेल मिथेनॉलमध्येच मिसळलेलं. इंधन तुटलं की पिस्टनही घासतो. म्हणून कमाल वेग मिळाला, की नीडल जराशी उलटी फिरवा. पंख्यामागून विमान घट्ट धरून नाक आभाळाकडे करा. आवाज पडला तर आणखी सैल करा. नव्या इंजिनासाठी घरी पैसे मागण्याआधी एवढं तरी कराच.