मांजराच्या पिल्लाचे डोळे आलेत आणि खिशात पाचशेच रुपये आहेत. घाटकोपरच्या माणसाने जायचं कुठे?

मुंबईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो अधूनमधून फिरतच असतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात मुठीएवढं मांजराचं पिल्लू, दोन्ही डोळे पिवळ्या चिपडांनी चिकटलेले आणि खाली एक ओळ : घाटकोपर, अर्जंट, कुणी मदत करेल का?

फोटो शेअर होतो, रडके इमोजी येतात. कुणी गुलाबपाणी घालायला सांगतं, कुणी घरात पडलेले आय ड्रॉप्स सुचवतं. यात दोन दिवस जातात, आणि बऱ्याचदा त्या डोळ्यासाठी तेच दोन दिवस महत्त्वाचे असतात.

पिल्लू उचलणारा माणूस सहसा प्राणीमित्र संघटनेचा कार्यकर्ता नसतो. कॉलेजातली मुलगी, सोसायटीचा वॉचमन, असल्फा किंवा भटवाडीच्या चाळीत राहणारं एखादं कुटुंब. महिनाअखेर असते आणि दवाखान्याच्या खर्चाचा अंदाज नसतो. म्हणून आधी घरचे उपाय होतात आणि डॉक्टर शेवटी येतो. खर्च वाढतो तो नेमका इथेच. कारण या आजाराचं सुरुवातीचं औषध तुलनेने स्वस्त आहे, महाग पडतो तो उशीर.

डोळ्यात नेमकं होतं काय?

रस्त्यावरच्या पिल्लांचे डोळे बहुतेक वेळा धूळ गेल्यामुळे नाही, तर सर्दीमुळे बिघडतात. मांजरांचा हर्पिस विषाणू आणि कॅलिसी विषाणू, तसंच क्लॅमिडिया आणि मायकोप्लाझ्मा हे जिवाणू यामागे असतात. शिंका, वाहतं नाक आणि चिकटलेले डोळे एकत्र दिसतात ते त्यामुळेच. आईच्या अंगात हर्पिसचा विषाणू दबून असेल, तर प्रसूतीच्या ताणात तो पुन्हा जागा होऊ शकतो आणि पिल्लांना लागण होते.

पिल्लांचे डोळे जन्मानंतर साधारण सात ते चौदा दिवसांनी उघडतात. त्याआधीच लागण झाली, तर बंद पापणीच्या आत पू साठतो. बाहेरून फक्त फुगवटा दिसतो आणि आत बुबुळावरचा पारदर्शक पडदा खराब होत असतो. पडद्यावर जखम होते, ती खोल गेली तर डोळा फुटू शकतो. कधी पापणीची आतली बाजू डोळ्याला कायमची चिकटते. शेवटच्या टप्प्यात डोळा काढण्याची शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. मलमाची ट्यूब बऱ्याचदा शंभर रुपयांच्या आत येते. शस्त्रक्रियेचा खर्च हजारांत जातो.

उरलेले ड्रॉप्स का घालू नयेत?

माणसांसाठीच्या डोळ्यांच्या अनेक थेंबांमध्ये अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड असतं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यातली नेहमीची नावं. स्टेरॉइडने लाली आणि सूज पटकन उतरते, त्यामुळे औषध लागू पडलं असं वाटतं. पण पडद्यावर जखम असेल तर तेच स्टेरॉइड जखम भरू देत नाही आणि हर्पिसला मोकळं रान मिळतं. आज बरा दिसलेला डोळा काही दिवसांत जाऊ शकतो.

जखम आहे की नाही हे नुसत्या नजरेने कळत नाही. डॉक्टर डोळ्यात फ्लुरोसीन नावाचा रंग घालतात. जखम असेल तिथे तो हिरवा चमकतो. काही मिनिटांची ही साधी तपासणी कोणतं औषध चालेल आणि कोणतं नाही हे ठरवते. म्हणून हातात पैसे कमी असतील, तर ते आधी औषधावर नाही, तपासणीवर खर्च करणं शहाणपणाचं.

ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात देऊ नये. माणसांना चालणारी ही गोळी मांजरासाठी जीवघेणं विष आहे.

मग जायचं कुठे?

घाटकोपरमध्ये खासगी दवाखाने आहेत. तिथली तपासणी फी काहीशे रुपयांपासून सुरू होते. मुंबईत धर्मादाय उपचारांचा जुना पत्ता मात्र परळचा आहे. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स हे त्याचं नाव, पण जुने मुंबईकर त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणूनच ओळखतात.

या नावातच मुंबईचा इतिहास आहे. १८७४ साली मुंबईत घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली आणि त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी बॉम्बे एसपीसीए ही संस्था स्थापन झाली. शहराचं ओझं तेव्हा बैल आणि घोड्यांच्या पाठीवर होतं. उद्योगपती दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८० च्या दशकात त्यांच्या पत्नीच्या नावाने हे रुग्णालय उभं राहिलं. १८८६ मध्ये त्याच परिसरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं. पुढे ट्रामचे घोडे गेले आणि व्हिक्टोरिया गाड्याही २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. आता तिथे कुत्री आणि मांजरंही उपचारांसाठी येतात, पण नाव बैलघोडाच राहिलं.

घाटकोपरहून स्लो लोकल पकडली की विद्याविहार, कुर्ला, सायन, माटुंगा, दादर करत परळ येतं. तिकीट परवडतं, अर्धा दिवस मात्र जातो. रोजंदारीवरच्या माणसासाठी तो अर्धा दिवस हाच खरा खर्च असतो. म्हणून आधी फोन करून ओपीडीची वेळ विचारून निघालेलं बरं.

दुसरा मोठा पत्ता महालक्ष्मीचा. महापालिकेच्या जागेवर टाटा ट्रस्ट्सने सुमारे १६५ कोटी रुपये खर्चून उभारलेलं स्मॉल ॲनिमल हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालं. सुमारे ९८ हजार चौरस फुटांची पाच मजली इमारत आणि आधुनिक यंत्रणा तिथे आहे. गुंतागुंतीच्या केससाठी हा मोठा आधार आहे. पण इथे शुल्क लागतं आणि घाटकोपरपासून अंतरही आहे.

मांजर व्यवस्थेत कुठे बसतं?

ही अडचण फक्त एका पिल्लाची नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत भटकी गुरं आणि भटके कुत्रे मोजले गेले, भटकी मांजरं नाहीत. मुंबईत भटके कुत्रे सुमारे ९० हजार असल्याचा अंदाज पालिकेच्या पाहणीतून मिळतो. मांजरांबद्दल असा आकडा समोर येत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर भटक्या प्राण्यांवर देशभर वाद रंगला, तोही कुत्र्यांपुरताच. १९६२ क्रमांकावर बोलावता येणारी फिरती पशुवैद्यकीय पथकं प्रामुख्याने ग्रामीण भागातल्या पशुपालकांसाठी आहेत.

कुत्र्याच्या मागे रेबीजची भीती आहे, गायीच्या मागे अर्थकारण आणि श्रद्धा. मांजराच्या मागे यातलं फारसं काही नाही. मुंबई महापालिका काही वर्षांपासून संस्थांच्या मदतीने मांजरांचं निर्बीजीकरण करते, पण आजारी पिल्लाचा भार शेवटी देणगीवर चालणाऱ्या संस्थांवर आणि ते उचलणाऱ्या माणसावर पडतो.

कायद्याचीही तीच गत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं हा गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे. पिल्लं गोणीत घालून नाल्याकाठी सोडणाऱ्याला ही रक्कम रोखू शकत नाही, आणि त्यातून उपचारांचा पैसाही उभा राहत नाही.

पाचशे रुपयांत काय होऊ शकतं?

पहिला खर्च तपासणीचा. डॉक्टरांना सुरुवातीलाच बजेट सांगावं, यात लाजण्यासारखं काही नाही. पैसे कमी आहेत हे कळलं, तर आज लागणारं आणि नंतर चालणारं असे दोन भाग ते करू शकतात. रक्ततपासणी, लसीकरण बऱ्याचदा थांबू शकतं. डोळ्याची तपासणी थांबू शकत नाही.

दुसरा खर्च औषधाचा. त्याच घटकाचं स्वस्त जेनेरिक चालेल का, हे विचारावं. डोस पिल्लाच्या वजनावर ठरतो आणि चार आठवड्यांचं पिल्लू जेमतेम ४०० ग्रॅमचं असतं. त्यामुळे अंदाजाने अर्धी गोळी देणं धोक्याचं. क्लॅमिडियावरचा कोर्स तीन-चार आठवडे चालू शकतो, डोळा चार दिवसांत उघडला तरी तो मध्येच सोडू नये.

बाकीची सेवा जवळपास फुकट आहे. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून चिपडं मऊ करायची आणि नाकाकडून बाहेरच्या बाजूला पुसायची. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्यायचा. चिकटलेली पापणी ओढून उघडायची नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवली की ऊब मिळते. नाक चोंदलेल्या मांजराला वास येत नाही, म्हणून ते खात नाही. अन्न कोमट करून दिलं तर वास वाढतो. गायीच्या दुधाने जुलाब होऊ शकतात. अगदी लहान पिल्लासाठी मांजरांची दूध पावडर लागते आणि पाचशेतले उरलेले पैसे तिथे जातात.

डोळा सतत मिटलेला, बुबुळावर पांढुरकी किंवा निळसर झाक, पापणीखाली फुगवटा किंवा दिवसभर काही न खाणं, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. पिल्लाने चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम साबणाच्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच रेबीजच्या लशीबाबत डॉक्टरांना विचारावं. ही लस महापालिकेच्या रुग्णालयांत मिळते.

आणि फोटो शेअर करणाऱ्यांनी?

‘कुणीतरी मदत करा’ या ओळीने प्रत्येकाला वाटतं, कुणीतरी करेल. त्याऐवजी नेमकी गरज लिहिली तर काम होतं : पिल्लू कुठे आहे, अंदाजे वय किती, डॉक्टरांनी काय सांगितलं, किती पैसे कमी पडतायत आणि परळपर्यंत कोण नेऊ शकेल. पैसे मागताना दवाखान्याच्या बिलाचा फोटो टाकावा आणि शक्य असेल तर रक्कम थेट दवाखान्याच्या खात्यात भरायला सांगावी. देणाऱ्यानेही तेवढं पाहून घ्यावं, कारण एकच फोटो वेगवेगळ्या शहरांच्या नावाने फिरवता येतो.

पन्नास जणांनी फोटो पुढे पाठवला तरी पिल्लू खोक्यातच राहतं. एकाने रिक्षाचं भाडं दिलं आणि दुसऱ्याने सकाळची सुट्टी काढली, तर ते डॉक्टरच्या टेबलावर पोहोचतं. डोळा वाचण्याची शक्यता तिथून सुरू होते.