देवदूत नावाचे मास्तर

बंगळुरात मंगळूरकडची ख्रिस्ती कुटुंबे बरीच. मारतहळ्ळीसारख्या नव्या वस्त्यांतही ती भेटतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी एक चित्र दिसते : मोडक्या पुलावरून चाललेली दोन भावंडे आणि त्यांच्यामागे पंखवाला देवदूत. पाहुणा त्याला राखणदार समजतो. चारशे वर्षांपूर्वी मात्र त्याच्याकडे मास्तरकीही होती!

१६०८ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी रक्षक देवदूतांच्या सणाला मान्यता दिली. तुझा देवदूत सगळे पाहतो, असे मुलांना सांगितले जाई. धाक घालायला सोयीचेच!

पण बायबलमधल्या टोबियसचा मास्तर वेगळा. वडील आंधळे झालेले, मुलगा पैसे आणायला परमुलखात निघतो. सोबत एक वाटाड्या मिळतो. तो नदीतला मासा धरायला सांगतो, त्याचे पित्त जपून ठेवायला लावतो. घरी परतल्यावर मुलगा ते वडिलांच्या डोळ्यांना लावतो आणि त्यांना दिसू लागते. मासा धरला मुलानेच, औषध लावले तेही मुलानेच. आपण रफाएल देवदूत आहोत, हे वाटाड्या अगदी शेवटी सांगतो.

तेराव्या शतकातले पंडित थॉमस अक्वायनस यांनी तर प्रश्नच मांडला होता : देवदूत माणसाला शिकवू शकतो का? त्यांचे उत्तर असे, की तो समज वाढवील, मनापुढे चित्रे उभी करील. पण समजून घ्यायचे ते ज्याचे त्यानेच. जेझुइटांच्या १५९९ च्या शिक्षण-नियमावलीने धर्मशास्त्रासाठी अक्वायनसच लावून दिले.

मग ऐकणाऱ्याला कळेल अशी भाषा नको का? १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ती उचलली. १६१६ मध्ये छापलेल्या त्यांच्या 'क्रिस्तपुराणा'त गॅब्रिएल देवदूत मरियेला निरोप देतो तो मराठी ओवीत! लिपी रोमन, पण ओव्या सुमारे अकरा हजार. तो काळ धर्मांतराच्या सक्तीचाही होता, हे मात्र नजरेआड करता येत नाही.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले : लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. पुराण हस्तलिखितांतून टिकले. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीही ते जपले. १९०७ मध्ये ते पुन्हा छापले गेले, ते गोव्यात नव्हे, मंगळुरात.