विश्लेषण : ‘फायरफॉक्स ओएस’ बंद का पडली? भंडाऱ्याच्या धान उत्पादकांशी तिचा संबंध काय?

फोन सुरू आहे, बॅटरी टिकते, बोलणेही होते. पण हवे ते अॅप चालत नाही. अशा वेळी दोष अनेकदा कार्यप्रणालीचा, म्हणजे ‘ओएस’चा असतो.

प्रयोग काय होता?
‘मोझिला’ने जुलै २०११ मध्ये ‘बूट टू गेको’ प्रकल्प जाहीर केला. संकेतस्थळे ज्या तंत्रावर चालतात, त्यावरच अख्खा फोन चालवायचा, ही कल्पना. तीच पुढे ‘फायरफॉक्स ओएस’ झाली. भारतात ऑगस्ट २०१४ मध्ये ‘इंटेक्स क्लाउड एफएक्स’ १,९९९ रुपयांत आला.

तो फसला का?
या फोनची रॅम अवघी १२८ एमबी होती. अधिकृत व्हॉट्सअॅप नव्हते. त्यातच अँड्रॉइड फोन स्वस्त होत गेले. अॅप नाहीत म्हणून ग्राहक नाहीत आणि ग्राहक नाहीत म्हणून अॅप नाहीत, असे हे चक्र होते. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनविक्रीतून माघार जाहीर केली.

मग सारे संपले का?
नाही. कोड खुला असल्याने त्यावरून ‘कायओएस’ तयार झाली. २०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या परतावा मिळणाऱ्या अनामतीवर आलेला जिओफोन याच प्रणालीवर चालतो. त्यावर व्हॉट्सअॅप सप्टेंबर २०१८ मध्ये आले. मात्र जून २०२४ पासून कायओएसवर ते नव्याने डाउनलोड करणे बंद झाले.

भंडाऱ्यात फटका कोणाला?
राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतात उभे राहून पिकाचा फोटो अॅपवर टाकला, की नोंद सातबाऱ्यावर येते. आधारभूत केंद्रावर धान विकताना हीच नोंद लागते. अॅप अँड्रॉइडसाठी असल्याने तुमसर, पवनी किंवा लाखांदूरच्या शेतकऱ्याकडे केवळ जिओफोन असेल, तर त्याला शेजाऱ्याचा फोन किंवा गावातील सहायक गाठावा लागतो.

धडा काय?
ग्राहकाने किमतीइतकेच प्रणालीकडेही पाहावे. मात्र सगळा भार त्याच्यावर टाकून चालणार नाही. सरकारी सेवा एकाच प्रणालीच्या अॅपला बांधली, की साधा फोन असलेला शेतकरी आपोआप बाहेर राहतो. पीक शेतात असूनही कागदावर येत नाही आणि कागदावर नसलेले धान केंद्रावर मोजले जात नाही.