छातीवर बसते ते भूत नव्हे

“डॉक्टरसाहेब, पहाटे डोळे उघडतात, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटते.” मागच्या पावसाळ्यात एक नवविवाहिता सांगत होती. सोबत सासूबाई होत्या. मांत्रिकाने ‘बाहेरचे आहे’ म्हणून तीन रात्री जागरण करवले होते. त्यानंतर त्रास रोजच होऊ लागला.

तो वाढणारच होता. स्वप्ने पडतात त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो; नाही तर स्वप्नात धावणारा माणूस खाटेवरून पडेल. हा झोपेचा टप्पा 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी ओळखला. कधी मेंदू आधी जागा होतो आणि स्नायू मागे राहतात. अर्धे स्वप्न डोळ्यांपुढे चालूच असते. तेच आपले ‘भूत’. श्वास सुरू असतो, जिवाला धोका नसतो. बहुधा दोन-चार मिनिटांत शरीर मोकळे होते. शंभरात सात-आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. परीक्षेच्या दिवसांत तो मीही घेतला आहे. जागरण, रात्रपाळी, चिंता आणि उताणे झोपणे ही त्याची नेहमीची कारणे.

अशा वेळी धडपडू नका. श्वास संथ ठेवा, हातापायाचे एखादे बोट हलवण्याचा प्रयत्न करा. घरच्यांनी नुसता स्पर्श केला तरी बहुतेकांना जाग येते. झोपेची वेळ ठरवा, कुशीवर झोपा, रात्री चहा व दारू टाळा. वारंवार होत असेल, दिवसा अनावर झोप येत असेल किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आपला जिल्हा धानाचा. रोवणीच्या दिवसांत अनेक जण जमिनीवर झोपतात आणि मण्यार रात्रीच चावतो. वेदना जवळजवळ नसते, दाताची खूणही अनेकदा दिसत नाही. पहाटे पोट दुखणे, पापण्या जड होऊन मिटणे, गिळता न येणे, अशक्तपणा वाढत जाणे ही त्याची लक्षणे. झोपेतली जखडण सुटत जाते, विषाची वाढत जाते. अशा वेळी एक मिनिटही न दवडता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. खाट व नीट खोचलेली मच्छरदाणी हा उत्तम बचाव.

मांत्रिकाला हा फरक कळत नाही, म्हणून माझा त्याला विरोध आहे. सर्पदंशात उपचार रोखून मंत्रतंत्र करणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. ‘काही नाही, मनाचे खेळ’ म्हणून आम्ही रुग्णाला वाटेला लावतो, मग तो मांत्रिकाचा उंबरठा चढतो.

त्या मुलीला मी गोळी दिली नाही. पंधरा मिनिटे समजावले आणि सासूबाईंना सांगितले, “हिला पोटभर झोपू द्या.” महिन्याने दोघी आल्या, त्या सासूबाईंच्या गुडघ्यासाठी!